कानावरची गाठ, नाकावरचा उंचवटा

वडीलधाऱ्या एखाद्या गृहस्थांच्या कानाच्या वरच्या कडेवर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढुरकी, टणक गाठ दिसते. दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. 'चामखीळ असेल' म्हणून कोणी चुना लावतो, कोणी घोड्याच्या केसाने आवळतो. मग ती फुटते आणि आतून कालवलेल्या खडूसारखा पांढरा पदार्थ येतो. तो पू असेलच असे नाही. तो गाऊटचा क्षारही असू शकतो. आपले वैद्य ज्याला वातरक्त म्हणतात, त्याच्याशी मिळताजुळता हा रोग.

गाऊट म्हटले की पायाचा अंगठा आठवतो. रात्रीतून तो लालभडक सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पण रक्तातले यूरिक आम्ल वर्षानुवर्षे वाढलेले राहिले, तर त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांबाहेरही साचतात. काकवी गार झाली की साखर धरते ना, तसेच काहीसे. कान इतर अंगापेक्षा थंड, म्हणून तिथे ते धरतात.

नाकावर मात्र हे फारच क्वचित. नाकाच्या दांड्यावर सावकाश उंचवटा येतो, कधी नाक चोंदते. जुना मार असेल असे वाटते, नाहीतर कर्करोगाच्या शंकेने घरची माणसे हबकतात. आणि खरा घोटाळा पुढेच होतो. गाठीचा तुकडा तपासणीसाठी नेहमीच्या फॉर्मालिनमध्ये घातला, की हे स्फटिक त्यातल्या पाण्यात विरघळून जातात! गाऊटची शंका असेल तर तो अल्कोहोलमध्ये पाठवतात. म्हणून गाठ कापण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, 'माझा अंगठा अधूनमधून सुजतो.' एवढ्या एका वाक्याने निदान हुकायचे वाचते.

रक्ताची तपासणी करावीच, पण ऐन दुखण्यात यूरिक आम्ल कधी कधी नेहमीइतकेच निघते. तेव्हा दुखणे ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा पाहावे. गोळ्या घेऊन ते ६ मिलिग्रॅमच्या खाली टिकवले, तर गाठी हळूहळू विरतात, मात्र त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध १९६६ पासून वापरात आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, आणि अंगावर पुरळ उठले तर लगेच थांबवून त्यांना गाठावे.

दारू आणि काळीज-गुर्दा मात्र सोडावे. घरातली डाळ उगाच बंद करू नये. ती बिचारी विनाकारण बदनाम झाली आहे.