पावसाचा नकाशा शिवारापर्यंत कधी पोहोचणार?

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

तालुक्याची सरासरी भरते आणि शिवार मात्र कोरडेच राहते, हा मराठवाड्यातील शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात या जिल्ह्यातील नऊपैकी छत्रपती संभाजीनगर व सोयगाव हे दोनच तालुके होते. इतर तालुक्यांतील तुटीच्या भागांचे काय, अशी ओरड राज्यभर झाली. अखेर नोव्हेंबरमध्ये तालुक्याऐवजी महसुली मंडळ हे एकक धरून १,०२१ मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करण्यात आली. पाऊस तोच होता. बदलले ते मोजण्याचे एकक. हवामानाचा नकाशा किती बारीक काढला जातो, यावर मदत कोणाच्या पदरी पडणार हे ठरते.

थरावर थर

हे नकाशे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस तंत्रज्ञानाने तयार होतात. एकाच गावाचे अनेक पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवावेत, तशी ही पद्धत आहे. एका थरात पाऊस, दुसऱ्यात जमिनीचा प्रकार, तिसऱ्यात उतार, चौथ्यात उभे पीक. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश असल्याने संगणक हे सारे थर जुळवून पाहू शकतो.

केवळ पावसाचा आकडा पुरेसा का नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. पावसात खंड पडला की मुरमाड, उथळ जमिनीतील कपाशी लवकर माना टाकते. शेजारच्याच खोल काळ्या जमिनीतील पीक ओलीवर तग धरते. पाऊस सारखा असला तरी नुकसान सारखे नसते.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात याच तत्त्वाचा उपयोग करण्यात आला. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्याचे सर्व जिल्हे होते. माती, उतार, पीक व पाऊस यांची सांगड घालून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीने त्यासाठी विकसित केली. पिकाला किती पाणी कमी पडले, किती वाहून गेले आणि किती जिरले, याचा अंदाज त्यातून मिळतो.

आकाशातून पाहणी

उपग्रहाच्या नोंदी हा आणखी एक थर. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून वनस्पती निर्देशांक काढला जातो. पीक सुकू लागले की तो घसरतो. अडचण अशी की, खरिपात आकाश अनेकदा ढगाळ असते आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत छायाचित्र मिळत नाही. रडार उपग्रह ढगांतून पाहू शकतात. मात्र त्यांच्या नोंदींचा अर्थ लावणे अधिक किचकट असते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने हे निर्देशांक दुष्काळ ठरविण्याच्या प्रक्रियेत आणले. पर्जन्यमान हा पहिला निकष असून त्यानंतर पीक, मातीतील ओल, भूजल व जलसाठे तपासले जातात. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने त्यासाठी ‘महामदत’ ही प्रणाली तयार केली. निवडक गावांत पिकांची प्रत्यक्ष पाहणीही बंधनकारक आहे.

एक केंद्र, अनेक गावे

नकाशा कितीही देखणा असला तरी तो जमिनीवरील नोंदींवरच उभा असतो. राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसुली मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांच्या नोंदी त्यांतून मिळतात. दोन केंद्रांमधील भागासाठी संगणक जवळच्या केंद्रांच्या नोंदींवरून अंदाज बांधतो. तापमानाबाबत हा अंदाज बराचसा जमतो. वळवाचा पाऊस मात्र एका शिवारात कोसळतो आणि पलीकडच्या गावात थेंबही पडत नाही.

याची झळ थेट खिशाला बसते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर त्या मंडळात अतिवृष्टी झाल्याचे मानले जाते. मोसंबीसारख्या फळबागांच्या हवामानाधारित विम्यात तर भरपाई ठरते ती बागेतील नुकसान पाहून नव्हे, तर संदर्भ केंद्राच्या नोंदीवरून. केंद्र झाडाच्या आडोशाला असेल किंवा बंद पडलेले असेल, तर चूक नकाशात उतरते आणि तेथून निर्णयात.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘विंड्स’ उपक्रमात ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्याचे धोरण आहे. तसे झाल्यास अंदाजावर सोडलेली जागा कमी होईल. मात्र यंत्रे वाढविण्याइतकेच ती चालू ठेवणे, त्यांची जागा तपासणे आणि रोजची नोंद गावाला पाहता येईल अशी व्यवस्था करणे आवश्यक आहे. आपल्या गावाचा पाऊस किती मांडला गेला, हे शेतकऱ्याला वेळीच कळले, तरच चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येईल. निर्णय जाहीर झाल्यानंतर कळून उपयोग नाही.