गावाची खबर आणि गावाचा कारभार

इंग्लंडमधील खेड्याचे जे चित्र आपल्याकडील वाचकाच्या मनात असते, त्यात चर्चचा जुना दगडी मनोरा, हिरवी कुरणे आणि वेलींनी मढलेली टुमदार घरे यांना हटकून स्थान असते. परंतु त्याच चर्चच्या फाटकालगत किंवा बसथांब्याशेजारी काचेच्या झडपेचा जो एक साधा लाकडी सूचनाफलक उभा असतो, त्याची दखल प्रवासी सहसा घेत नाही. वास्तविक त्या गावाचे सार्वजनिक जीवन जाणून घ्यावयाचे असेल, तर प्रथम या फलकापाशीच थांबावयास हवे. पॅरिश कौन्सिलच्या आगामी सभेची तारीख, वेळ, स्थळ आणि विषयपत्रिका त्या काचेआड लावलेली असते, आणि सभेच्या वेळेची व स्थळाची सूचना सभेपूर्वी किमान तीन पूर्ण दिवस गावातील ठळक जागी लागलीच पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. गावाचा कारभार गावाला कळला पाहिजे, या तत्त्वावर तेथील ग्रामजीवनाची केवढी मोठी इमारत उभी आहे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

पॅरिश म्हणजे मूळचे एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मोपदेशकाच्या अधिकाराखालील क्षेत्र. सोळाव्या शतकापासून राज्यसंस्थेने आपली अनेक लौकिक कामे या धार्मिक घटकाच्या गळ्यात घातली. 1538 साली राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. 1555 च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती पॅरिशच्या रहिवाशांवर सोपविली. आणि 1601 च्या सुप्रसिद्ध कायद्याने आपल्या हद्दीतील निराधारांच्या पोषणासाठी कर बसविण्याची जबाबदारीही पॅरिशवरच टाकली. हा सारा कारभार ‘व्हेस्ट्री’ नामक सभेत चाले, आणि बहुतेक खेड्यांत या सभेवर जमीनदार, धर्मोपदेशक आणि मोठे शेतकरी यांचाच पगडा असे. पुढे 1834 साली दारिद्र्यनिवारणाचे काम पॅरिशांच्या संघांकडे गेले आणि व्हेस्ट्रीचे महत्त्व ओसरू लागले. तथापि शेतमजुराला गावच्या कारभारात बसावयास जागा मिळण्यासाठी आणखी साठ वर्षे जावी लागली.

ती जागा 1894 च्या स्थानिक शासन कायद्याने दिली. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळाने हे विधेयक आणले आणि खेड्याचा लौकिक कारभार चर्चपासून अलग करून लोकनियुक्त पॅरिश कौन्सिलच्या हाती दिला. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क स्त्रियांना 1918 साली, आणि तोही अंशतःच, मिळाला. परंतु विवाहित असो वा अविवाहित, स्त्रीला पॅरिश कौन्सिलवर निवडून येण्याची मुभा या कायद्याने चोवीस वर्षे आधीच दिली होती. कायद्यातील दोन बारीक तरतुदी तर मला त्याच्या मोठ्या कलमांइतक्याच मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, सर्व मतदारांची जी ‘पॅरिश सभा’ भरते, तिचे कामकाज सायंकाळी सहाच्या आत सुरू करता येत नाही. आणि दुसरी अशी की, दुसरी योग्य जागा उपलब्ध असताना मद्यविक्रीच्या जागेत सभा भरविता येत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर काम आटोपून सभेला येऊ शकावा, आणि मद्यगृहाच्या वातावरणात पाऊल टाकण्यास संकोचणाऱ्या माणसालाही तेथे निर्वेधपणे बसता यावे, एवढा विचार ज्यांनी केला, त्यांना लोकशाहीचे मर्म कळले होते, असेच म्हणावे लागेल. 1972 साली या कायद्याची सर्वस्वी फेररचना झाली, पण या दोन्ही तरतुदी आजही कायम आहेत.

आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार पॅरिश व नगर कौन्सिले आहेत. त्यांचे अधिकार मर्यादित असतात. रस्त्यावरील खड्डा बुजविणे हे वरिष्ठ कौन्सिलचे काम. पॅरिश कौन्सिलने त्याची तक्रार करावी आणि पाठपुरावा करावा. घरबांधणीच्या अर्जावर तिचे मत मागविले जाते, पण निर्णय वरिष्ठ संस्थाच देते. मात्र खेळाचे मैदान, दफनभूमी, रस्त्याकडेची बाके, बसथांब्याचे छप्पर, भाजीपाला पिकविण्यासाठी रहिवाशांना अल्प खंडाने द्यावयाच्या जमिनीचे तुकडे, गावचे घड्याळ या गोष्टी तिच्या अखत्यारीत येतात. त्यासाठी लागणारी रक्कम ती ‘प्रिसेप्ट’ या नावाने ठरविते आणि वरिष्ठ कौन्सिल ती घरपट्टीसारख्या स्थानिक करासोबत वसूल करून तिच्या हवाली करते. सदस्य सामान्यतः विनावेतन काम करतात. पगारी माणूस पुष्कळदा एकच, तो म्हणजे क्लार्क, आणि तोही बहुधा अर्धवेळ. पत्रव्यवहार, इतिवृत्त, जमाखर्च आणि कायद्याचा सल्ला, हे सारे दप्तर तो सांभाळतो.

या दप्तराचे दार जनतेला उघडे असणे ही गोष्टही आपोआप घडून आलेली नाही. स्थानिक संस्थांच्या सभांना नागरिकांना आणि वृत्तपत्र-प्रतिनिधींना उपस्थित राहता यावे, यासाठी 1960 साली एक स्वतंत्र कायदा करावा लागला. तो मांडला होता नुकत्याच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी, आणि पार्लमेंटमधील त्यांचे पहिले भाषण याच विधेयकावर झाले. हिशेबांच्या बाबतीत तर नियम याहूनही स्पष्ट आहे. दरवर्षी सलग तीस कामकाजाचे दिवस, ज्यांत जुलैचे पहिले दहा कामकाजाचे दिवस आलेच पाहिजेत, कौन्सिलची हिशेबवही आणि पावत्या पाहण्याचा हक्क नागरिकांना असतो. मैदानातील झोपाळ्याच्या दुरुस्तीला किती पैसे पडले आणि ते कोणाला दिले, हे गावच्या मतदाराने कागद हातात घेऊन पाहावे, अशी ही व्यवस्था आहे.

परंतु कायद्याने लावलेला कागद वाचून गाव जागे राहतेच असे नाही. त्याला रोजच्या जीवनाची जोड लागते. ती जोड पॅरिश मासिकाने दिली. 1859 साली डर्बी येथील धर्मोपदेशक जॉन अर्स्किन क्लार्क यांनी एक मासिक काढले, आणि त्याच्या सर्वांसाठी छापलेल्या अंकाभोवती आपापल्या गावची पाने जोडून ठिकठिकाणचे धर्मोपदेशक ते वाटू लागले. त्या मासिकाचे आजचे वंशज चाळले, तर एकाच पानावर किती परस्परभिन्न गोष्टी गुण्यागोविंदाने नांदतात, याचे कौतुक वाटते: प्रार्थनेच्या वेळा, चर्चमध्ये फुले मांडण्याची पाळी कोणाची, फिरत्या ग्रंथालयाची मोटार कोणत्या मंगळवारी येणार, कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवायचा, पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्ताचा सारांश, धुराडी साफ करणाऱ्याची जाहिरात, आणि गेल्या महिन्यात निवर्तलेल्या शेजाऱ्याविषयी चार आपुलकीच्या ओळी. ही पाने एकत्र करणारा संपादक बहुधा स्वयंसेवक असतो, आणि ती दारोदार पोहोचविणारी माणसेही गावातलीच असतात. अंक देण्याच्या निमित्ताने एकाकी वृद्धाची विचारपूस होते. पडदे दुपारपर्यंत बंद दिसले तर दार ठोठावले जाते.

ज्या गावाला आपली खबर असते, ते गाव वेळ आल्यावर उठून उभे राहते, याचे दाखले अनेक आहेत. 2007 नंतरच्या सरकारी योजनेत देशभरातील सुमारे अडीच हजार डाकघरे बंद झाली, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या आधाराने चालणारे गावचे एकुलते दुकानही डळमळले. अशा वेळी रहिवाशांनी भागभांडवल गोळा करून सहकारी तत्त्वावर दुकाने चालविली. आयरिश सहकारमहर्षी सर होरेस प्लंकेट यांनी 1919 साली स्थापन केलेली संस्था अशा गावांना आजही मार्गदर्शन करते. भाग कितीही घेतले तरी प्रत्येक सभासदाला मत एकच, हा तेथील दंडक आहे. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावी तर 2003 साली शंभराहून अधिक लोकांनी एकत्र येऊन ‘ओल्ड क्राउन’ हे गावचे मद्यगृह विकत घेतले, कारण ते बंद झाले असते तर चार माणसांनी एकत्र बसण्याची जागाच नाहीशी झाली असती.

लाल रंगाच्या टेलिफोन-खोक्याची कथाही अशीच आहे. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी 1935 साली आखलेले ते सुबक खोके भ्रमणध्वनीच्या काळात निरुपयोगी ठरले, तेव्हा 2008 पासून टेलिफोन कंपनीने ते एका पौंडात गावांच्या ताब्यात देण्यास सुरुवात केली. अनेक ठिकाणी त्यांत पुस्तकांची देवघेव चालते, तर अनेक ठिकाणी लय बिघडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देऊन पुन्हा ताळ्यावर आणणारे यंत्र ठेवलेले असते. प्रसंग ओढवला की 999 या क्रमांकावर संपर्क साधावा. पेटीला कुलूप असल्यास ते उघडण्याचा संकेतांक पलीकडून सांगितला जातो, आणि पुढे काय करावे हे ते यंत्र स्वतः बोलून सांगते. मात्र त्याची विद्युत्घटमाला शाबूत आहे काय, छातीवर लावावयाच्या पट्ट्यांची मुदत उलटली तर नाही ना, हे कोणीतरी नेमाने पाहावे लागते. आणि हे यंत्र गावात आहे, ते नेमके कोठे आहे, हे शेजाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. येथे बातमी आणि सेवा यांतील अंतरच नाहीसे होते.

या व्यवस्थेला घरघर लावणारी कारणेही डोळ्यांआड करता येत नाहीत. पॅरिश सभांना आवर्जून वार्ताहर पाठविणारी स्थानिक वृत्तपत्रे क्षीण झाली आहेत. कौन्सिलच्या जागांसाठी पुरेसे उमेदवार पुष्कळदा पुढे येत नाहीत, आणि मग रिकाम्या जागा उरलेले सदस्य स्वीकृतीने भरतात. वास्तविक मध्येच जागा रिकामी झाली असता दहा मतदारांनी मुदतीत मागणी केली, तरी निवडणूक घ्यावी लागते. पण मागणी करावयास ती जागा रिकामी झाल्याची सूचना कोणीतरी वाचलेली असावी लागते! हक्क कायद्याच्या पुस्तकात शाबूत राहतो आणि केवळ वाचकाअभावी निष्प्राण होतो.

महाराष्ट्रातही 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभा आहे, तिची नोटीस आहे, जमाखर्च आहे; म्हणून या परक्या मुलखाच्या हकिकतीत आपल्यालाही घेण्याजोगे काही आहे असे मला मनापासून वाटते. ग्रामसभेची वेळ कष्टकऱ्याच्या सोयीची आहे काय, नोटीस जेथे माणसे खरोखर ये-जा करतात तेथे लागते काय, आणि पावती पाहावयास मागणाऱ्याला ती कपाळाला आठी न घालता दाखविली जाते काय, हे तीन प्रश्न कोणत्याही देशातील गावाला विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तुटपुंज्या पैशातही त्या गावाचे दुकान, मैदान आणि दवापाणी यांची काळजी वाहणारी माणसे पुढे येतील. आणि ती नकारार्थी असतील, तर वरून कितीही निधी आला, तरी तो गावाचा होणार नाही.