झिंक ऑक्साइडमधील लोहचुंबकत्वाचा उगम

मलमात आणि रबराच्या कारखान्यात वापरली जाणारी झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी चुंबकाकडे ओढली जात नाही. जस्ताच्या आयनातील सर्व इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असल्याने त्यांची परिवलने परस्परांना निष्फळ करतात. असे असूनही तिच्यात थोडे कोबाल्ट किंवा मँगॅनीज मिसळले असता नेहमीच्या तापमानाला लोहचुंबकत्व आढळते, असे निष्कर्ष २००१ पासून अनेक प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केले. हे चुंबकत्व पदार्थात नेमके कोठे वसते, यावर मात्र दीर्घकाळ वाद झाला.

या शोधाला चालना मिळाली ती एका सैद्धांतिक भाकितामुळे. पोलंडचे तोमाश डीट्ल व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये असे गणित मांडले की, ५ टक्के मँगॅनीज आणि विपुल धन छिद्रे असलेले झिंक ऑक्साइड नेहमीच्या तापमानालाही लोहचुंबकीय राहील. छिद्रे येथे मध्यस्थाचे काम करतात. दूर दूर असलेल्या मँगॅनीज आयनांची परिवलने ती एका दिशेस आणतात. परंतु झिंक ऑक्साइडमध्ये स्वभावतःच छिद्रांऐवजी इलेक्ट्रॉनांचे आधिक्य असते, आणि पुढे ज्या नमुन्यांत चुंबकत्व आढळले त्यांपैकी बहुतेक याच जातीचे होते. म्हणजे भाकीत एका पदार्थाविषयी आणि प्रयोग दुसऱ्यावर, असा हा प्रकार झाला. ओसाका येथील उएदा, ताबाता व कावाई यांच्या २००१ च्या कोबाल्टयुक्त पटलांपैकी काहींत २८० केल्विनच्या वरही लोहचुंबकत्व टिकले; मात्र त्याच कृतीने तोच परिणाम पुन्हा मिळण्याचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. ही कबुली त्यांनी स्वतःच दिली होती. उत्साहाच्या भरात तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

येथे मापनाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ५ मिलिमीटर लांबी-रुंदीचे आणि १०० नॅनोमीटर जाडीचे पटल घेतले, तर त्याचे वजन सुमारे १४ मायक्रोग्रॅम भरते, आणि ५ टक्के मिश्रणातील कोबाल्ट जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. या सर्व कोबाल्टने मिळून जेवढे चुंबकन द्यावे, जवळजवळ तेवढेच पोलादी चिमट्याच्या टोकावरून लागलेले तितक्याच वजनाचे लोखंड देऊ शकते. ही शंका केवळ तात्त्विक नव्हे. हाफ्नियम ऑक्साइडच्या पटलांत दिसलेले चुंबकत्व चिमट्यापासून येऊ शकते, हे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. शिवाय कोबाल्ट स्फटिकात न विरघळता धातूच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने साचले, तर चुंबकमापकाला तो भेद कळत नाही. ते यंत्र एकूण बेरीज तेवढी सांगते.

काळजीपूर्वक तयार केलेल्या नमुन्यांची साक्ष याच दिशेने जाते. राव व दीपक यांना २००५ मध्ये मँगॅनीज व कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये लोहचुंबकत्व आढळले नाही. त्यापूर्वी, २००४ मध्ये, कुंदलिया, ओगले व सहकारी यांनी कमी तापमानाला बनवलेल्या मँगॅनीजयुक्त नमुन्यांतील चुंबकत्वाचे मूळ ऑक्सिजनची न्यूनता असलेल्या, मँगॅनीज-जस्ताच्या एका वेगळ्याच अस्थिर ऑक्साइडात शोधले.

तथापि सर्वच निरीक्षणे मलिनतेच्या खाती टाकणे अन्यायाचे ठरेल. डब्लिनचे कोई व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये सुचवले की, ऑक्सिजनच्या रिक्त स्थानांसारख्या दोषांशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनांच्या विस्तृत कक्षा एकमेकींवर येतात आणि त्यांच्या आवाक्यातील आयनांना एका दिशेस वळवतात. कोणतेही चुंबकीय अपद्रव्य न मिसळलेल्या ऑक्साइडांच्या सूक्ष्म कणांतही क्षीण लोहचुंबकत्व आढळल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी २००६ मध्ये नोंदवले. तेव्हा दोषांचा वाटा मुळातच नाकारता येत नाही.

अशा पदार्थांना ‘विरल चुंबकीय अर्धसंवाहक’ म्हणण्याची रीत पडली. जे सिद्ध करावयाचे, तेच या नावाने आधी गृहीत धरले: चुंबकीय आयन स्फटिकभर विरळ व समान विखुरलेले आहेत, आणि चुंबकत्व त्यांचेच आहे. एक्स-किरणांच्या साहाय्याने केवळ कोबाल्टच्या अणूंचे चुंबकन वेगळे काढून मोजता येते. ने व सहकारी यांनी २००८ मध्ये उत्तम स्फटिकरचनेच्या पटलांवर असे मापन केले, तेव्हा एकटे कोबाल्ट आयन समचुंबकीय आढळले, आणि शेजारी आलेल्या आयनांच्या जोड्यांत परिवलने परस्परविरुद्ध दिशांना वळलेली होती.