दमणं म्हणजे व्यायाम नव्हे
नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे पाच गैरसमज

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातल्या अनेक गावांतली जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कुणी पुण्याकडं कामाला असतं. घरी असलेली सून कापूस वेचायला जाते. जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात अशा वेळी लेकरू आजीच्या कडेवर नाहीतर आजोबांच्या मागं असतं. हे काम महिनोन्‌महिने चालतं. म्हणून ते करणारं शरीर टिकवणं गरजेचं आहे, आणि नेमकं त्याच बाबतीत चुकीच्या समजुती फार आहेत.

गैरसमज १ : ‘दिवसभर लेकरामागं पळते, वेगळा व्यायाम कशाला?’

वस्तुस्थिती : यातलं अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची, ही जुनी अट तेव्हाच काढून टाकली. त्यामुळं लेकराला घेऊन झपझप मारलेली गल्लीतली फेरीही जमेस धरावी. दम लागतो पण बोलता येतं, एवढा वेग पुरे.

पण त्याच शिफारशींत आणखी दोन गोष्टी आहेत : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. वाकून वाकून कंबर भरून येते, पण त्यानं मांड्यांना ताकद येत नाही. दमणं वेगळं आणि बळ कमावणं वेगळं.

गैरसमज २ : ‘या वयात आता कसली ताकद येणार?’

वस्तुस्थिती : येते. १९९० साली अमेरिकेत बॉस्टन इथं नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता. घरी सुरुवात हलक्यानं करावी.

बाज नको, ती खोलगट असते. पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पाय जमिनीवर घट्ट रोवून, हातांचा आधार न घेता उठावं आणि सावकाश बसावं. सुरुवातीला पाच वेळा, जमेल तसं दहा वेळा. मग दाराची चौकट धरून टाचा उचलाव्यात आणि हळूच टेकवाव्यात. श्वास मात्र रोखून धरू नये. त्यानं रक्तदाब एकदम चढतो.

गैरसमज ३ : ‘गुडघे दुखतात, म्हणून बसूनच राहावं.’

वस्तुस्थिती : झिजेमुळं दुखणाऱ्या गुडघ्यांना बेताचा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानतात. बसून राहिलं की मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकू लागला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावं.

दीड वर्षाचं लेकरू साधारण दहा किलोचं असतं. त्याला उचलताना पाय ताठ ठेवून कमरेतून वाकू नये. त्याला जवळ घ्यावं, एक गुडघा टेकावा, छातीशी धरावं आणि मग पायांच्या जोरावर उठावं. उठता उठता कंबर पिळू नये. कडेवर घेताना बाजू बदलत राहावी. चालतं लेकरू असेल, तर आपण बसावं आणि त्याला स्वतः मांडीवर चढू द्यावं.

गैरसमज ४ : ‘मोबाईल दिला की लेकरू शांत, आपल्यालाही विसावा.’

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालच्या लेकरांना पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. एक ते चार वर्षांच्या लेकराला दिवसभरात तीन तास हालचाल हवी असते. आजीला चालायचं आहे आणि लेकराला हुंदडायचंय, म्हणजे दोघांची गरज एकच! ऊन चढायच्या आत अंगणात चेंडू लोटावा, शेळ्या बघायला जावं. परभणीकडच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू नये.

गैरसमज ५ : ‘नातू आजारी पडला, आठ दिवस खंड पडला. आता सगळं वाया गेलं.’

वस्तुस्थिती : आठ दिवसांत कमावलेलं बळ जात नाही. लेकरू रात्रभर जागवतं, दात येताना किरकिरं होतं. अशा घरात नेमकी वेळ पाळणं कुणालाच जमत नाही. म्हणून व्यायाम घड्याळाला न बांधता कामाला बांधावा. लेकरू झोपलं की खुर्चीवरून उठ-बस, दूध तापेपर्यंत टाचा. खंडानंतर निम्म्यानं सुरुवात करून पुन्हा वाढवावं. चिकाटी म्हणजे मोडल्यावर परत बसवलेली घडी. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा पूर्वी नव्हती अशी धाप लागली, तर मात्र ताबडतोब थांबून दवाखाना गाठावा.

हे सगळं एकट्या आजीच्या जिद्दीवर सोडणं बरं नव्हे. गाव सोडताना आई-बाप लेकराचं दूध, कपडे, औषधं यांची सोय लावून जातात. त्याच यादीत आजीच्या गोळ्या असाव्यात, आणि रोज अर्धा तास लेकरू कोण बघणार याची शेजारी किंवा भावकीत पक्की बोलीही असावी.