थंडीत न उठणारा डोझर

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर, पाटोदा-आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत, दिवाळी सरली की पहाटेचा पारा उतरू लागतो. डिसेंबर-जानेवारीत तो दहा अंशांच्या आसपास येतो, काही दिवस त्याच्याही खाली जातो. जुन्या डोझरचं खरं रूप कळतं ते याच दिवसांत. पावसाळाभर मातीकाम बंद असतं, मशीन बांधाला उभं असतं. खंडेनवमीला ते धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. काम मात्र सुरू होतं सोयाबीन निघून रान मोकळं झाल्यावर. त्या पहिल्या सकाळी सेल्फ कण्हत फिरतो, नळीतून पांढरा धूर येतो आणि इंजिन काही पकडत नाही. मग ऑपरेटरपासून मालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं : थंडी आहे ना!

मला हे कारण पटत नाही. बीडची थंडी डिझेल इंजिनाला अडवण्याइतकी कडक नसतेच. खरी थंडी लडाखमध्ये. तिथं डिझेलच गोठतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथं पाठवायला सुरुवात केली. सीमा सडक संघटनेचे डोझर अशा थंडीत बर्फ हटवतात. आपल्याकडे दहा अंशांत धडधाकट इंजिन कुठल्याही जादा उपचाराशिवाय सुरू व्हायलाच हवं. होत नसेल तर दुखणं मशीनमध्ये आहे आणि थंडीनं ते फक्त उघडं पाडलं आहे.

हा प्रश्न बीडला किरकोळ नाही. इथं पाणी अडवायचं तर माती हलवावी लागते. पाझर तलाव, नाला बांध, शेताचं सपाटीकरण या कामांना डोझर लागतो. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता. फावड्या-टोपल्यांच्या श्रमदानाला तिथं यंत्रांची जोड मिळाली. नवं मशीन परवडत नाही म्हणून अनेकांचा धंदा हातोहात फिरलेल्या जुन्या डोझरवर चालतो, आणि मशीन सकाळी उठलं नाही तर भाड्याचा दिवसच बुडतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी साधारण २१० ते २५० अंश लागतात. हवा सोळा पट दाबणारं निरोगी इंजिन दहा अंशांच्या सकाळी ढोबळ हिशेबानं पावणेपाचशे अंशांपर्यंत जातं, पस्तीस अंशांच्या दिवशी पाचशे चाळीसपर्यंत. म्हणजे दोन्ही ऋतूंत भरपूर उष्णता हाताशी असते. आता रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि सेल्फही मंद फिरतो आहे असं धरा. दाबताना हवा निसटते, उरलेली उष्णता थंड भिंती शोषून घेतात. तोच हिशेब उन्हाळ्यात २६० च्या जवळ येतो आणि हिवाळ्यात २२० वर. मे महिन्यात चावी फिरवताच सुरू होणारं मशीन जानेवारीत का रुसतं, त्याचं उत्तर या चाळीस अंशांत आहे. मे महिन्यातही ते आजारीच होतं.

म्हणून पान्याला हात घालण्याआधी धुराकडं बघावं. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. आणि सेल्फच कण्हत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून बॅटरीपाशी जावं.

बहुतेक तक्रारी तिथंच मिटतात. डोझरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळतात. दहा अंशांत बॅटरीची ताकद सुमारे पाचव्या हिश्शानं घटते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. चार महिने उभ्या मशीनची बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर तो विश्रांतीतला आकडा फसवा आहे. हायड्रोमीटरनं प्रत्येक सेल तपासावा. एक सेल मेला तरी जोडीतली चांगली बॅटरी त्याच्यापायी खराब होते. बदलायच्या तर दोन्ही एकदम बदलाव्यात.

बॅटरी चांगली निघाली तर अर्थिंग बघा. सेल्फ मारत असताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं, तर करंट गंजलेल्या जोडातच अडकतो आहे. जोड सोडवा, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा. खंडेनवमीला प्रेशरच्या पाण्यानं धुतलेल्या मशीनमध्ये हा गंज हमखास सापडतो. धुणं चांगलंच, पण सेल्फ आणि वायरिंग झाकून धुवावं.

दुसरं मोठं दुखणं म्हणजे मशीन हवा घेणं. सकाळी डिझेलचा हातपंप मारल्यावरच सुरू होणारा आणि मग दिवसभर उत्तम चालणारा डोझर रात्री डिझेल गमावत असतो. टाकी ते पंप या भागात कुठंतरी वॉशर दबलेला असतो, रबरी नळी तडकलेली असते किंवा हातपंपाचंच सील गेलेलं असतं. गंमत अशी की तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून नजरेला काही दिसत नाही. त्या वाटेवर थोडी पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे लगेच दिसतात. नोझल आणि पंप खोलण्याचा खर्च करण्याआधी ही तपासणी करावी.

डिझेलच्या ऋतूकडं तर जवळजवळ कुणीच पाहत नाही. आयएस १४६० या भारतीय मानकात, डिझेलमधलं मेण गोठून गाळणी तुंबण्याच्या तापमानाला हिवाळ्यासाठी ६ अंशांची आणि उन्हाळ्यासाठी १८ अंशांची कमाल मर्यादा आहे. मे महिन्यात भरलेलं डिझेल टाकीत तसंच ठेवून डिसेंबरच्या पहाटे मशीन सुरू करायला गेलात, तर गाळणी तुंबू शकते. शिवाय मराठवाड्यात दिवस तापतो आणि रात्र गारठते, त्यामुळं अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरून पाणी साठतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवणं आणि सकाळी तळाचा कॉक उघडून पाणी सोडणं, एवढ्यानं पंप आणि नोझलचं आयुष्य वाढतं.

ऑइलच्या बाबतीत एक सवय नडते. इंजिन झिजलं, प्रेशर उतरलं की लोक ४० नंबरचं जाड ऑइल घालतात. उन्हाळ्यात ते चालून जातं, पण हिवाळ्यात सेल्फचा सगळा दम त्या जाड ऑइलशी झुंजण्यात जातो. १५डब्ल्यू-४० ऑइल दोन्ही ऋतूंना पुरतं. आणि जुन्या क्लचच्या मशीनमध्ये सुरू करताना मेन क्लच सोडून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्सचं थंड ऑइल घुसळायला लागत नाही.

हीटर प्लग असलेल्या इंजिनांत डॅशबोर्डवरची तार लाल होईपर्यंत थांबायचं असतं. अनेक मशीनमध्ये ती केव्हाच जळालेली असते आणि कुणी बदललेली नसते. जुन्या कॅटरपिलरची रीत वेगळी होती. त्यात सुरू करण्यासाठीच दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असे. त्याचा गरम धूर मोठ्या इंजिनाच्या हवेची वाट तापवी, दोघांचं पाणीही एकच असे. बॅटरीवर भिस्त न ठेवणारी ती रचना मला आजही विलक्षण शहाणपणाची वाटते.

हे सगळं करूनही पांढरा धूर हटला नाही, तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासून इंजिनाचं काम काढावं. ते टाळण्यासाठी जे उपाय होतात त्यांची मला भीती वाटते. चेंबरखाली जाळ करणं, एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावणं, इथरचा फवारा मारणं. डिझेल आणि तेलानं माखलेल्या मशीनखाली जाळ म्हणजे आगीला आमंत्रण. इथर तर डिझेलपेक्षा कितीतरी कमी तापमानाला भडकतं. हीटर प्लग तापलेला असताना ते आत गेलं तर पिस्टन आणि रिंगा फुटतात. ट्रॅक्टरची एकच १२ व्होल्टची बॅटरी २४ व्होल्टच्या मशीनला जोडणं हाही तसाच धोका, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि ठिणगीनं तिचा स्फोट होऊ शकतो.

मालकांना एक विनंती. सेल्फ एका वेळी पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये दोन मिनिटं थांबावं, हे ऑपरेटरला सांगा. मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटं हळू चालू द्या, लगेच ब्लेड मातीत घालू नका. आणि बॅटरीचे पैसे वाचवण्यासाठी त्याच्या हातात पेट्रोलचा बोळा देऊ नका.