ई-पत्रांच्या संग्रहात हवे ते पत्र शोधताना

कपाटातील कागदपत्रांची जागा ई-मेलने घेण्यास सुरुवात केली, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल ही सेवा जाहीर केली, तेव्हा प्रत्येक खातेदाराला एक गिगाबाइट जागा देऊ केली होती. त्या काळी अन्य विनामूल्य सेवांमध्ये जेमतेम काही मेगाबाइट जागा मिळत असे. त्यामुळे पत्र वाचावे आणि पुसून टाकावे, हीच रीत होती. जागा मुबलक झाली तसे पुसण्याचे कारण उरले नाही. पत्रे कप्प्याकप्प्यांत लावून ठेवण्याची गरज नाही, लागेल तेव्हा शोधून काढता येतील, असा विश्वास या सेवेने दिला आणि आपण सर्वांनी तो मानला. आता संग्रहात हजारो पत्रे आहेत आणि शोधण्याची वेळ येते ती नेमकी घाईच्या प्रसंगी.

समजा, आपण २०१२ साली घरासाठी कर्ज घेतले होते आणि २०२४ मध्ये ते पूर्णपणे फेडले. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या सूचनेनुसार, १ डिसेंबर २०२३ पासून पुढे फेडल्या गेलेल्या अशा कर्जांच्या बाबतीत, मालमत्तेचे मूळ दस्तऐवज तीस दिवसांच्या आत कर्जदारास परत करावयाचे आहेत. विलंबास कर्ज देणारी संस्था जबाबदार असेल, तर प्रत्येक दिवसामागे ५,००० रुपये भरपाईची तरतूद त्या सूचनेत आहे. मात्र हे तीस दिवस मोजावयाचे कोणत्या तारखेपासून? आणि बारा वर्षांपूर्वी आपण नेमके कोणते दस्तऐवज सुपूर्द केले होते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा आपल्याच पत्रपेटीत असतात. शोधाच्या चौकटीत ‘होम लोन’ असे टंकलिखित करावे, तर जाहिरातींची शेकडो पत्रे समोर येतात आणि हवे ते पत्र मात्र दिसत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी संगणक शोध कसा घेतो ते पाहावे लागेल. जुन्या दफ्तरांत कागद कापडी रुमालात बांधून ठेवत आणि कोणत्या रुमालात काय आहे हे जाणणारा कारकून असे. त्याला विषय सांगितला, की तो रुमाल काढून देई. संगणकाचे काम त्या कारकुनासारखे नसून ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीसारखे असते. पत्र येताच त्यातील शब्द वेगळे केले जातात आणि प्रत्येक शब्दापुढे, तो कोणकोणत्या पत्रांत आला आहे, याची नोंद ठेवली जाते. आपण दोन शब्द दिले, की दोन्ही नोंदींमध्ये समान असलेली पत्रे समोर येतात. काही सेवा अलीकडे मिळतेजुळते शब्दही विचारात घेतात. तरीही पाया शब्दसूचीचाच आहे. पत्रात जो शब्दच नाही, त्यावरून ते पत्र मिळेल अशी खात्री बाळगता येत नाही.

या मर्यादेचा एक प्रसिद्ध अभ्यास १९८५ साली अमेरिकेत प्रकाशित झाला. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन अभ्यासकांनी एका मोठ्या खटल्यातील कागदपत्रांचा संगणकीय संग्रह तपासला. सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ नावाच्या शोधप्रणालीत भरलेली होती. आपल्या प्रश्नाशी संबंधित कागदांपैकी किमान ७५ टक्के कागद हाती यावेत अशी वकिलांची अपेक्षा होती आणि तेवढे मिळाले आहेत अशी त्यांची समजूतही झाली होती. प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा सरासरी २० टक्क्यांच्या आसपासच कागद मिळाले असल्याचे आढळले.

वकील निष्णात होते आणि यंत्रणेतही दोष नव्हता. अडचण भाषेची होती. खटला एका अपघाताविषयीचा होता. परंतु ज्यांचा त्या अपघाताशी प्रत्यक्ष संबंध आला होता, त्यांनी आपल्या पत्रव्यवहारात ‘अपघात’ हा शब्द सहसा वापरला नव्हता. कोणी त्याला ‘घटना’ म्हटले होते, कोणी ‘परिस्थिती’, कोणी ‘अडचण’. ज्याच्यावर ठपका येण्याची शक्यता असते, तो सौम्य शब्द निवडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. शोधणाऱ्याच्या मनातील शब्द आणि लिहिणाऱ्याच्या लेखणीतील शब्द यांत असे अंतर पडले, की पत्र समोर असूनही सापडत नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की जे मिळाले नाही त्याची जाणीवही होत नाही.

आपल्या कर्जाच्या पत्राचेही असेच आहे. घरात आपण ‘बोजा उतरल्याचे पत्र’ म्हणतो. तेच पत्र बँक ‘नो ड्यूज सर्टिफिकेट’ या नावाने पाठवील, ‘लोन क्लोजर लेटर’ म्हणेल, मुदतीपूर्वी फेड झाली असल्यास ‘फोरक्लोजर’ हा शब्द योजील किंवा केवळ ‘एनओसी’ एवढी आद्याक्षरे लिहील. दस्तऐवजांच्या यादीलाही ‘लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स’ अशी अनेक नावे असू शकतात. म्हणून शोधास बसण्यापूर्वी कागदावर चार-पाच पर्यायी शब्द लिहून काढावेत. हे पत्र मी लिहिले असते तर, असा विचार न करता, ते कर्जविभागातील अधिकाऱ्याने लिहिले असेल तर त्याच्या लेखणीतून कोणता शब्द उतरेल, असा विचार करावा. एक पत्र मिळाले, की त्यातील अनोळखी शब्द, संदर्भ क्रमांक अथवा अधिकाऱ्याचे पदनाम उचलून पुन्हा शोध घ्यावा. अनेकदा पहिले पत्र उपयोगाचे नसते; पण दुसऱ्याकडे नेणारा शब्द त्यातच मिळतो.

जुन्या पत्रांच्या बाबतीत नावे बदललेली असतात, हेही ध्यानात ठेवावे. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक यांचे बँक ऑफ बडोदामध्ये विलीनीकरण झाले. १ एप्रिल २०२० रोजी ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स व युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत विलीन झाली. २०१२ चे पत्र जुन्याच नावाने आणि जुन्याच पत्त्यावरून आलेले असणार. पुढे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या क्षेत्रनामाकडे स्थलांतर केले. त्याबरोबर ज्या बँकांचे ई-मेल पत्तेही बदलले, त्यांच्या जुन्या पत्त्याने शोध घेतल्यास अलीकडची पत्रे गळतात आणि नव्या पत्त्याने घेतल्यास जुनी. शहरांचेही तसेच. २०१४ पूर्वीच्या पत्रात ‘बेंगळुरू’ऐवजी ‘बँगलोर’ असण्याचा संभव अधिक.

शब्द ठरले, की शोध आवळण्याची साधने हाती घ्यावीत. जीमेलच्या शोधचौकटीत इंग्रजी लिपीत ‘फ्रॉम’ हा शब्द लिहून त्याला लागून अपूर्णविराम द्यावा आणि मोकळी जागा न सोडता पाठवणाऱ्याचे नाव अथवा पत्ता लिहावा; म्हणजे केवळ त्याचीच पत्रे दिसतात. ‘सब्जेक्ट’ या शब्दाने शीर्षकापुरता शोध होतो. ‘हॅज’ व ‘अटॅचमेंट’ हे शब्द अशाच रीतीने जोडल्यास सोबत फाइल असलेली पत्रेच उरतात. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ यांनी कालखंड ठरतो. तेथे तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी, मध्ये तिरप्या रेघा देऊन लिहावी. सीमेवरचा दिवस निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना एखादा दिवस अधिक धरावा. दोन-तीन शब्द याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावेत. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचे चिन्ह द्यावे. जाहिरातींत हटकून येणारा ‘ऑफर’ हा शब्द असा वगळला, तर ढीग झपाट्याने कमी होतो. पर्यायी शब्दांच्या मध्ये ‘ऑर’ हा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावा. ‘आणि, किंवा, नाही’ या तीन संबंधांना गणिताचे रूप जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने दिले. त्याचा त्यावरील मुख्य ग्रंथ १८५४ सालचा आहे. हे सारे पाठ करण्याची आवश्यकता नाही. शोधचौकटीच्या कडेला असलेल्या चिन्हावर टिचकी मारल्यास हेच पर्याय अर्जाच्या स्वरूपात समोर येतात.

मराठी पत्रांचा शोध हा मात्र स्वतंत्र विषय आहे. आपल्या भाषेत विभक्ती लागताच शब्दाचे रूप बदलते. ‘कर्ज’ या शब्दाने शोधणाऱ्यास ‘कर्जाचा हप्ता’ असे लिहिलेले पत्र मिळेलच असे नाही, कारण शब्दसूचीत ‘कर्ज’ आणि ‘कर्जाचा’ हे दोन निराळे शब्द ठरू शकतात. इंग्रजीतील एकवचन-अनेकवचन काही सेवा सांभाळून घेतात. मराठीच्या सामान्यरूपाबाबत त्या भरवशावर राहू नये. ‘कर्ज’, ‘कर्जाचा’, ‘कर्जाची’, ‘कर्जफेड’ अशी रूपे ‘ऑर’ने जोडून द्यावीत. ‘अधिकाऱ्यांनी’सारख्या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवले जाऊ शकते, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न असतात. असा शब्द शोधासाठी न निवडणेच इष्ट. अंकांचेही तसेच: देवनागरी अंकांतील २०१२ आणि इंग्रजी अंकांतील तेच वर्ष एकमेकांच्या शोधात येतीलच असे नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितात. तेथे ‘भाडेकरार’ या एका शब्दाची तीन-चार वर्णलेखने सहज आढळतात. शिवाय युनिकोड रूढ होण्यापूर्वी शुषा, कृतिदेव यांसारख्या टंकांत तयार केलेल्या फाइली पडद्यावर मराठी दिसत असल्या, तरी आत रोमन अक्षरे वा चिन्हे साठवलेली असतात. देवनागरी शब्द देऊन त्या सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पाठवणाऱ्याचे नाव व तारीख हाच आधार.

बँकेच्या पत्रांत खाते क्रमांकाचे आरंभीचे आकडे गोपनीयतेसाठी फुल्यांनी वा एक्स या अक्षराने झाकलेले असतात. त्यामुळे पूर्ण क्रमांक देऊन शोधणे व्यर्थ असते. शेवटचे चार आकडे दिले, तरी ते आधीच्या एक्सला चिकटून एकच शब्द मानले गेल्यास निष्फळ ठरतात. रकमेच्या बाबतीत १,२५,००० आणि १२५००० असे दोन्ही प्रकार करून पाहावेत. पासवर्डने बंद केलेल्या पीडीएफ विवरणपत्रांच्या आत शोधयंत्रणेला डोकावता येत नाही. विवरणपत्रातील एखादा व्यवहार शोधावयाचा असेल, तर त्या महिन्याचे विवरणपत्र प्रथम काढून, ते उघडून, मगच त्यात पाहावे.

एवढे करूनही पत्र मिळाले नाही, तर शोध कोठे चालू आहे हे तपासावे. जीमेल नेहमीच्या शोधात स्पॅम आणि कचरापेटी पाहत नाही. ‘इन’ व ‘एनीव्हेअर’ हे शब्द अपूर्णविरामाने जोडल्यास तेथेही पाहिले जाते. अर्थात त्या दोन कप्प्यांतील पत्रे तीस दिवसांनंतर आपोआप नाहीशी होतात. मोबाइलमधील काही अ‍ॅप अलीकडच्या काळातीलच पत्रे साठवतात, म्हणून जुना शोध संगणकावर घेणे श्रेयस्कर. कार्यालयात आउटलुक वापरणाऱ्या सहकाऱ्यांनी शोधाची व्याप्ती चालू कप्प्यापुरती आहे की संपूर्ण पत्रपेटीची, हे पाहावे. जुनी पत्रे पूर्वीच वेगळ्या अभिलेख-फाइलीत हलवली गेली असल्यास ती ज्या संगणकावर आहे, तेथेच सापडतील. आणि जे खाते वर्षानुवर्षे उघडलेच नाही, ते आधी उघडून पाहावे. दोन वर्षे वापर नसलेली व्यक्तिगत खाती डिसेंबर २०२३ पासून हटवली जाऊ शकतील, असे गूगलने जाहीर केलेले आहे.

शाखेतून पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एक विनंती येथेच नोंदवावीशी वाटते. ‘आपल्या बोलण्यानुसार’ किंवा नुसतेच ‘सोबत जोडले आहे’ अशा शीर्षकाचे पत्र दहा वर्षांनी कोणास सापडणार? शीर्षकात कर्जाचा प्रकार, कामाचे रूढ नाव आणि वर्ष एवढे जरी आले, तरी ग्राहकाचे व पुढे त्या खुर्चीवर येणाऱ्या सहकाऱ्याचे काम सुकर होईल.

शोधात बँकेच्या नावाने आलेली बनावट पत्रेही वर येतात, विशेषतः ‘केवायसी’ हा शब्द दिला असता. पाठवणाऱ्याचे दर्शनी नाव कोणालाही हवे ते ठेवता येते. म्हणून पूर्ण पत्ता उघडून पाहावा आणि जुन्या पत्रातील दुव्यावर टिचकी मारू नये. हवे ते पत्र मिळाले, की पडद्याचे छायाचित्र घेऊन थांबू नये. मूळ पत्र संग्रहात तसेच राहू द्यावे आणि त्याची प्रत संपूर्ण फाइलच्या स्वरूपात उतरवून घ्यावी, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता, वेळ आणि मार्ग यांच्या नोंदी त्या फाइलीतच असतात. प्रकरण न्यायालयात गेल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. १ जुलै २०२४ पासून हे कलम जुन्या पुरावा कायद्यातील ६५-ब या कलमाच्या जागी आले आहे.