सेनेटर लूगर यांची शेवटची निवडणूक

अमेरिकेच्या सेनेटांत ३५ वर्षें काढलेले रिचर्ड लूगर २०१२ सालीं सातव्या मुदतीसाठीं मतें मागावयास निघाले, तेव्हां त्यांस घरीं बसविलें तें स्वपक्षीयांनींच.

लूगर हे इंडियाना राज्याचे रिपब्लिकन. इंडियानापोलिसचें महापौरपद भूषवून ते १९७७ त सेनेटांत आले. प्रकृति सौम्य, बोलणें मोजकें. दक्षिण आफ्रिकेंतील वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घालणारें बिल रेगन यांनीं १९८६ त नामंजूर केलें असतां, स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध उभे राहून त्यांनीं तें मंजूर करविलें. पण त्यांचें खरें कार्य १९९१ चें. सोव्हिएट संघ कोसळत होता. तेथील अण्वस्त्रें भलत्याच हातीं पडतील या भयानें त्यांनीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या सॅम नन यांच्या साह्यानें, तीं मोडण्यासाठीं अमेरिकेच्या खजिन्यांतून पैसा देण्याचा कायदा घडवून आणला. कालच्या शत्रूच्या शस्त्रागाराची मोडतोड आपल्या खर्चानें! परंतु त्या योजनेनें साडेसात हजारांहून अधिक अण्वस्त्रें निकामी झालीं.

२००६ त तर डेमोक्रॅटांनीं त्यांच्याविरुद्ध उमेदवारच उभा केला नव्हता. सहा वर्षांनीं हाच सलोखा दोष ठरला. ओबामांनीं नेमलेल्या दोन न्यायमूर्तींस त्यांनीं संमति दिली, हें पक्षांतील जहालांस खपेना. शिवाय बिऱ्हाड राजधानीजवळ व्हर्जिनियांत, आणि मतदारयादींत पत्ता १९७७ त विकलेल्या घराचा! हा आक्षेप, आमच्या मतें, अगदींच पोकळ नव्हता. उमेदवार निवडण्याकरितां ८ मे रोजीं पक्षाच्या मतदारांनीं मतें दिलीं, त्यांत रिचर्ड मर्डॉक यांस शेंकडा ६० मिळालीं. नोव्हेंबरांत मर्डॉकही पडले, व ती जागा डेमोक्रॅट जो डॉनेली यांजकडे गेली.